शोभला की नाही? नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन

जुनं नाटक नव्या संचात आलं की मराठी माणसाला आठवडाभरात एक निकाल द्यावाच लागतो: मुख्य भूमिकेत घेतलेला नट शोभला की नाही. 'अजून पाहिलं नाही' हे उत्तर चालत नाही. 'चांगलं केलं की त्यानं' हे तर त्याहून वाईट. असं म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी विचारतही नाही.

नाटक बघून, डोळे पुसून, कसलंही मत न बाळगता घरी परतणाऱ्या बिचाऱ्या प्रेक्षकांसाठी हे मार्गदर्शन आहे. पायऱ्या नीट गिरवल्यात तर पहिल्याच प्रयोगाच्या मध्यंतरात तुम्ही जाणकार व्हाल. सरावासाठी आपण वि. वा. शिरवाडकरांचा 'नटसम्राट' घेऊ, कारण अप्पासाहेब बेलवलकर ही भूमिका करायला हिंमत लागते आणि तिच्यावर मत द्यायला काहीच लागत नाही.

१. आधी मोजपट्टी ठरवा

'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात झाला. संस्था धि गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, कावेरी शांता जोग आणि अप्पासाहेब डॉ. श्रीराम लागू. एवढं पाठ करा. नाटक वाचलेलं नसलं तरी भागतं, पण सभागृहाचं नाव चुकलं तर सगळं मुसळ केरात.

तुमचा जन्म १९७० नंतरचा असेल तर घाबरू नका. 'बाबांच्या मांडीवर बसून पाहिला होता' असं सांगा. कोणी जन्मदाखला मागत नाही. त्या पहिल्या प्रयोगाला आपण हजर होतो असं सांगणाऱ्यांना एकत्र बसवायचं म्हटलं तर आज वानखेडे भाड्यानं घ्यावं लागेल. त्यात एकाची भर पडल्यानं काही बिघडत नाही.

जाणकारांचा सल्ला: मोजपट्टी म्हणून न पाहिलेला नटच उत्तम. पाहिलेल्या नटाचा एखाद्या प्रयोगात घसा बसलेला असतो, एखाद्या दिवशी तो वाक्य विसरलेला असतो. न पाहिलेल्याचा घसा कधीच बसत नाही.

२. सूत्र तोंडपाठ करा

नव्या नटाचं नाव ऐकताच मान किंचित तिरकी करा, दोन क्षण थांबा, उसासा सोडा आणि म्हणा, 'लागू ते लागू.' बास. यापुढे कोणालाही काही बोलता येत नाही, कारण हे वाक्य खोटं ठरवणं तर्काला शक्य नाही.

सूत्र सगळीकडे चालतं. 'तो मी नव्हेच' असेल तर 'पणशीकर ते पणशीकर'. 'कट्यार काळजात घुसली' असेल तर 'वसंतराव ते वसंतराव'. थोडा सराव झाला की आडनावही गाळा आणि नुसतं 'डॉक्टर...' एवढंच म्हणून छताकडे पाहा. नाट्यगृहाच्या परिसरात हे पुरतं. दवाखान्यात करू नका, लोक धावत येतात.

३. नटाची पदवी तपासा

नवशिके अभिनय बघत बसतात. तुम्ही शैक्षणिक पात्रता बघा. लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधले संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या गाजवणारे काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस, म्हणजे मोहन आगाशे, मानसोपचारतज्ज्ञ. पुढच्या काळात 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे झालेले गिरीश ओक डॉक्टर. मालिकांमध्ये आधी शिवाजी महाराज आणि मग संभाजी महाराज झालेले अमोल कोल्हे हेही डॉक्टर.

मराठी रंगभूमीवर अजरामर भूमिकांसाठी प्रवेशपरीक्षा कोणती, हे आता वेगळं सांगायला नको. नव्या अप्पाचं नाव कळलं की पहिला प्रश्न विचारा, 'एमबीबीएस आहे का?' उत्तर 'नाही' आलं तर हळूच म्हणा, 'तरीच.' नाना पाटेकर जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकले. रेखाटन उत्तम येत असेल, पण त्यानं टॉन्सिल्स निघत नाहीत.

४. वय काढा

ही सर्वांत सोपी पायरी, कारण हिच्यात नट दोन्ही बाजूंनी सापडतो. तरुण असेल तर 'वय अंगावर दिसत नाही'. म्हातारा असेल तर 'आता दम राहिला नाही'. मध्यमवयीन असेल तर 'धड इकडे नाही, धड तिकडे नाही'.

एक अडचण येऊ शकते. ती आधीच सांगून ठेवतो, म्हणजे चारचौघांत फजिती होणार नाही. लागूंचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७चा. म्हणजे रंगभूमीवरून निवृत्त झालेला, पोरांना सगळं वाटून टाकून रस्त्यावर आलेला हा आजोबा त्यांनी पहिल्यांदा उभा केला तेव्हा ते अवघे ४३ वर्षांचे होते. याउलट महेश मांजरेकरांचा 'नटसम्राट' चित्रपट १ जानेवारी २०१६ला आला, आणि १ जानेवारी हा नाना पाटेकरांचा वाढदिवस. त्या दिवशी त्यांना ६५ पूर्ण झाली. चित्रपटातल्या अप्पाचं वय अगदी खरं निघालं.

अशा वेळी गांगरू नका. ४३व्या वर्षी म्हातारा करणं याला 'कायाप्रवेश' म्हणायचं आणि ६५व्या वर्षी म्हातारा करणं याला 'त्यात अभिनय कसला' म्हणायचं. दोन्ही वाक्यं एकाच दमात मात्र म्हणू नका. मध्ये चहा येऊ द्या.

आणखी एक माहिती, ही स्वतःपाशीच ठेवा. १६ डिसेंबर १९७२ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम' पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा त्या मुरलेल्या, रंगेल, कारस्थानी नानाच्या अंगरख्यात २५ वर्षांचा तरुण होता.

५. चेहरा जुळवा

ऐतिहासिक भूमिका असेल तर नटाचा चेहरा मूळ माणसाशी जुळतो का, ते बघा. मूळ माणूस आपण पाहिलेला नसतो, म्हणून चित्राशी जुळवा. शिवाजी महाराजांच्या बाबतीत आपल्या मनातलं चित्र बहुधा कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी रंगवलेलं असतं. राज्य सरकारनं अधिकृत मानलेलं चित्र ते हेच. कांबळे सिनेमाची पोस्टरंही रंगवत. आता सिनेमातले महाराज सिनेमाच्या चित्रकारानं काढलेल्या महाराजांसारखे दिसतात का, यावर तुम्ही दोन तास बोलू शकता. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातले चंद्रकांत ज्यांनी लहानपणी पाहिले ते तर चित्रालाही जुमानत नाहीत. त्यांना महाराजच चंद्रकांतांसारखे हवे असतात.

चेहऱ्याच्या बाबतीत बालगंधर्वांचा विषय निघाला तर तो चतुराईनं टाळा. नारायण श्रीपाद राजहंस हे गृहस्थ १९१९मध्ये 'एकच प्याला'त सिंधू झाले तेव्हा तिशीत पोचले होते. पन्नाशी उलटली तरी ते स्त्रीभूमिका करतच राहिले. त्यांच्या लुगड्यांची, दागिन्यांची, केसांतल्या फुलांची नक्कल घरंदाज बायका करत. आपल्या निकषांनुसार वय चूक, देह चूक आणि मिशीचं तर बोलायलाच नको. १९३५मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ झाले. इथे मात्र बोलायला जागा आहे. 'पुरुषाच्या भूमिकेत ते शोभले नाहीत' हे वाक्य ठामपणे म्हणा. समोरचा विचारात पडतो, तेवढ्यात निघा.

६. गळा कोणाचा, ते विचारा

संगीत नाटकाला निकाल देणं नवशिक्यांना अवघड वाटतं. खरं तर इथे काम निम्मं होतं, कारण नट दोन ठिकाणी पकडता येतो. २०१५च्या 'कट्यार' चित्रपटात सचिन पिळगांवकरांच्या खाँसाहेबांना राहुल देशपांडे यांचा आवाज आहे. तेव्हा म्हणा, 'गळा स्वतःचा नाही, मग भूमिका स्वतःची कशी?' त्याच चित्रपटात शंकर महादेवन पंडितजी झाले आणि स्वतःच गायले. तेव्हा म्हणा, 'गवई आहे हो, नट कुठे आहे?'

राहुल देशपांडे यांनी रंगमंचावर खाँसाहेबांची भूमिकाही केली. ते मूळ खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांचे नातू. नातू असणं ही पात्रता की अपात्रता, हे प्रयोग कसा झाला त्यावर ठरवा. रंगला तर 'रक्तातच आहे'. नाही रंगला तर 'नुसत्या रक्तानं भागत नाही'.

मूळ वसंतरावांविषयी जास्त खोलात शिरू नका. १९६७ साली ज्यांनी खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले उभे केले ते बरेलीचे नव्हते. ते मूर्तिजापूरचे, वऱ्हाडातले, आणि त्यांनी बरीच वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केलेली. हे कागदावर लिहून एखाद्या आजच्या जाणकाराला दाखवलं असतं तर त्यानं भूमिका काढून घेतली असती आणि रजेचा अर्जही नामंजूर केला असता.

७. शेरे जोडीनं बाळगा

निकालाची भाषा खिशात तयार हवी. खालच्या जोड्या पाठ करा.

नट मोठ्यानं बोलला: 'आक्रस्ताळा.' हळू बोलला: 'शेवटच्या रांगेपर्यंत पोचलाच नाही.'

जुन्या नटासारखं केलं: 'नक्कल.' वेगळं केलं: 'भूमिका समजलीच नाही.'

रडला: 'बटबटीत.' रडला नाही: 'कोरडा.'

स्वगताला टाळी आली: 'टाळीसाठीच घेतलं.' नाही आली: 'बघा, टाळीसुद्धा नाही.'

कुठेच पकडता आला नाही: 'आतून आलं नाही.' हा शेरा शेवटी वापरा. नटाच्या आत जाऊन कोणी तपासत नाही.

'नाटकी वाटला' हा शेरा 'नटसम्राट'साठी जरा जपून. अप्पा बेलवलकर हा माणूसच नट आहे. त्यानं उभं आयुष्य शेक्सपियरच्या राजांचे आणि सेनापतींचे संवाद म्हणण्यात घालवलं. तो घरात नातीशी बोलतानाही मंचावर उभा असल्यासारखा बोलतो, आणि त्याच स्वभावापायी घराबाहेर पडतो. म्हणजे जो अप्पा नाटकी नाही तो अप्पाच नाही. ही गोष्ट लक्षात आली असेल तर कृपया विसरून जा. मार्गदर्शनात अडथळा येतो.

८. मध्यंतरातच निकाल लावा

वड्याच्या रांगेत उभे राहा. इथे श्रोते आयते मिळतात आणि त्यांना पळता येत नाही. पहिला अंक संपताच आणि वडा हातात येण्यापूर्वी निकाल जाहीर करा. उशीर केलात तर दुसरा कोणीतरी 'लागू ते लागू' म्हणून मोकळा होतो आणि तुमच्या वाट्याला चटणी उरते.

नाटकाचं सगळं वजन तर उत्तरार्धात आहे, अशी शंका तुम्हाला येईल. घर सुटतं ते नंतर, कावेरी जाते ती नंतर, बूटपॉलिश करणारा राजा भेटतो तोही नंतर. बरोबर आहे. म्हणूनच निकाल आधी. मध्यंतरानंतर नटानं काही भलतंच ताकदीचं केलं तर मत बदलण्याची पाळी येते, आणि मत बदलणारा माणूस जाणकार राहत नाही. उत्तरार्धात डोळे भरून आलेच तर खोकला काढा. थंडीचे दिवस असल्याचं सांगा.

९. तुरुपाची पानं सांभाळून टाका

लागू हे सगळ्यांच्याच हातातलं पान. त्यानं पहिला हात मिळतो, डाव मिळत नाही. समोरचा 'लागू' म्हणाला की तुम्ही सावकाश म्हणा, 'दत्ता भटांचा अप्पा पाहिलाय का?' तो गप्प होतो. तोही मुरलेला असेल तर म्हणेल, 'भट ठीक, पण सतीश दुभाषी!' मग तुम्ही यशवंत दत्त काढा. या तिघांनीही अप्पा केला होता, त्यामुळे अंगाशी काही येत नाही. त्यांच्या अप्पांत नेमका फरक काय होता, असं कोणी विचारलं तर 'ते शब्दांत नाही सांगता येत' म्हणा. हे उत्तर अगदी खरं आहे, कारण तुम्ही ते पाहिलेले नाहीत.

हुकमाचा एक्का शेवटी ठेवा. 'आमच्या गावी गणेशोत्सवात एक तलाठी अप्पा करायचे. लागूंना तोड होती.' या तलाठ्यापुढे महाराष्ट्रातला कोणताही नट टिकत नाही. बिचाऱ्याचं एकही चित्रीकरण उपलब्ध नाही.

चित्रीकरणावरून आठवलं. लागूंच्या 'नटसम्राट'चं चित्रीकरण आहे, सहज बघायलाही मिळतं. बघू नका. पन्नास वर्षं मनात जपलेला अप्पा चार इंचांच्या पडद्यावर आणि खरखरत्या ध्वनीत भेटला तर दोघांचीही पंचाईत होते. त्याहून मोठा धोका म्हणजे तो खरोखरच अप्रतिम निघाला आणि तुम्ही आजवर त्याची स्तुती भलत्याच कारणासाठी करत होता असं कळलं तर?

१०. एकाच नटाच्या अनेक भूमिका: वेगळा तक्ता

काही नट एका भूमिकेत थांबत नाहीत आणि निकाल देणाऱ्यांचं काम वाढवतात. प्रभाकर पणशीकर ३१ वर्षांचे असताना १९६२मध्ये आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये पाच वेषांत आले, तेही फिरत्या रंगमंचावर. इथे पाचपैकी गुण द्या. साडेचार दिलेत की अभ्यासू वाटता.

सुबोध भावे यांनी आणखी अडचण केली. ते २०११मध्ये बालगंधर्व झाले, २०१५मध्ये लोकमान्य टिळक आणि २०१८मध्ये काशिनाथ घाणेकर. राजहंसांना 'बालगंधर्व' हे नाव टिळकांनी दिलं असं सांगतात. भावे यांच्या बाबतीत हा सगळा समारंभ आरशासमोर उरकता आला असता. 'प्रत्येक थोर माणसाला हाच कसा?' असा प्रश्न इथे विचारता येतो. पण चेहरा, चाल आणि आवाज या तिन्ही बाबतींत वेगळ्या असलेल्या तीन माणसांसाठी एकाच नटाला लोकांनी तिकीट काढून पाहिलं, हे वाक्य त्या प्रश्नाजवळ फिरकू देऊ नका.

स्वाध्याय

(अ) उद्या अप्पासाहेबांच्या भूमिकेत कोणाही नटाची घोषणा झाली असं समजा. नाव न ऐकता निकाल लिहा.

(आ) २०१६मध्ये आईवडिलांबरोबर 'नटसम्राट' चित्रपट पाहिलेलं दहा वर्षांचं मूल २०५०मध्ये नव्या अप्पाविषयी काय म्हणेल? (उत्तर: 'नाना ते नाना.')

(इ) पुढील अर्जदारांची छाननी करा. म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी ४३ वर्षांचा घशाचा सर्जन. मुरलेल्या कारभाऱ्यासाठी २५ वर्षांचा तरुण. बरेलीच्या खाँसाहेबांसाठी मूर्तिजापूरचा हिशेबनीस. सोशिक गृहिणीसाठी तिशीचा पुरुष.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथे बहुतेक जण अडतात. वरच्या दहा पायऱ्यांनुसार चारही अर्जदार पहिल्याच फेरीत बाद होतात. ज्या चौघांच्या मापानं आपण इतरांना मोजतो, त्यांच्यापैकी एकही त्या मापात बसत नाही. त्यांच्या काळी ही मोजपट्टी नव्हती. होते ते संस्थाचालक, दिग्दर्शक आणि तिकीट काढून आलेले लोक, ज्यांनी पडदा वर जाऊ दिला आणि मग पाहिलं.

तुम्हाला तसंच काही करण्याचा मोह होत असेल, तर नव्या संचाच्या प्रयोगाचं तिकीट काढा, शेवटचा पडदा पडेपर्यंत तोंड मिटून बसा आणि मध्यंतरात फक्त वडा खा. जाणकार म्हणून तुमचं नाव होणार नाही. नाटक मात्र पूर्ण पाहून होईल.